रात्रभर भरलेली शाळा

गावात कीर्तन ठरले की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. दिवेलागण होते. जेवणे लवकर उरकतात. बाया लेकरांना कडेवर घेऊन देवळाकडे निघतात. म्हातारी माणसे खांबाला पाठ टेकून बसतात. बुवा उभे राहतात. आधी पूर्वरंग होतो, मग उत्तररंग. पूर्वरंगात विचार सांगायचा आणि उत्तररंगात त्या विचाराला धरून गोष्ट सांगायची. मधे अभंग होतात, टाळ-मृदंग वाजतो. रात्र कधी सरली ते कळत नाही.

गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत. नुसते सांगत नसत, विचारीत. लोक उत्तर देत आणि उत्तर देता देता त्यांचे त्यांनाच कळे की आपले कोठे चुकते आहे.

आज आपण अशाच एका रात्रीची गोष्ट वाचणार आहोत. पण ही रात्र देवळातली नव्हे. ती आहे एका विद्यापीठातली आणि तीही सातासमुद्रापलीकडची. तिथेही लोक रात्रभर जागले. तिथेही विचार सांगितले गेले, गाणी झाली आणि प्रश्न विचारले गेले. प्रश्न मोठा होता. आपल्या देशाने दुसऱ्या देशावर जे युद्ध चालवले आहे ते योग्य आहे का, असा तो प्रश्न होता.

विद्यापीठ कोणाचे?

एखादी आजी विचारील, "अहो गुरुजी, विद्यापीठ म्हणजे शिकलेल्या पोरांची जागा. तिथं आमचं काय काम?"

आजीचे म्हणणे अगदीच खोटे नाही. विद्यापीठात मोठ्या वर्गाची मुले शिकतात आणि पदव्या घेतात. पण विद्यापीठाचे काम तेवढेच नसते. तिथे माणसे एखाद्या विषयाचा वर्षानुवर्षे अभ्यास करतात. कोणी पिकांचा करतो, कोणी रोगांचा, कोणी परदेशांचा. त्या अभ्यासाचा उपयोग सगळ्या समाजाला व्हायला हवा. म्हणून विद्यापीठे जाहीर व्याख्याने ठेवतात. जाहीर म्हणजे सगळ्यांसाठी. तिथे पदवी कोणी विचारत नाही.

आपल्याकडे ही चाल जुनी आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी लोक जमत आणि विद्वानांची भाषणे ऐकत. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ निघाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. या विद्यापीठाने बहिःशाल शिक्षणाचे काम हाती घेतले. बहिःशाल म्हणजे शाळेच्या भिंतीबाहेरचे. जयकरांच्या नावाच्या व्याख्यानमाला गावोगावी भरत आल्या आहेत.

तेव्हा आजी, तुमचेही तिथे काम आहे बरं का. ते काम कोणते, ते या गोष्टीतून कळेल.

अ‍ॅन आर्बर गाव

अमेरिकेत मिशिगन नावाचे एक राज्य आहे. तिथले डेट्रॉइट शहर मोटारगाड्यांच्या कारखान्यांसाठी जगात गाजले. या शहराजवळ अ‍ॅन आर्बर नावाचे गाव आहे. मिशिगन विद्यापीठ तिथे आहे. विद्यापीठाची स्थापना १८१७ साली डेट्रॉइटमध्ये झाली. १८३७ साली ते अ‍ॅन आर्बरला आले.

आता १९६५ सालाकडे जाऊ. त्या वेळी अमेरिकेत लिंडन जॉन्सन हे अध्यक्ष होते आणि व्हिएतनाम देशात युद्ध पेटले होते.

व्हिएतनाम हा आशियातला भातशेतीचा देश. आपल्यावर जसे इंग्रजांचे राज्य होते तसे त्यांच्यावर फ्रेंचांचे होते. १९५४ साली फ्रेंच हरले. जिनिव्हा येथे करार झाला आणि देशाचे तात्पुरते दोन भाग झाले, एक उत्तर व्हिएतनाम आणि दुसरा दक्षिण व्हिएतनाम. १९५६ साली निवडणुका घेऊन दोन्ही भाग एक करायचे, असे ठरले होते. करार पाळला जातो की नाही हे पाहायला तीन देशांचे एक मंडळ नेमले. त्यात कॅनडा, पोलंड आणि भारत हे देश होते. अध्यक्षपद भारताकडे होते.

पण त्या निवडणुका झाल्याच नाहीत. दक्षिणेत लढाई सुरू झाली. उत्तरेकडचे सरकार कम्युनिस्ट होते. अमेरिकेने दक्षिणेच्या सरकारची बाजू घेतली. आधी पैसा दिला, मग सल्लागार पाठवले. १९६५ च्या मार्च महिन्यात तर उत्तर व्हिएतनामवर रोजच्या रोज बॉम्ब टाकायला सुरुवात झाली. ८ मार्चला अमेरिकेच्या लढाऊ पलटणी दा नांग येथे उतरल्या.

अमेरिकेतल्या सामान्य माणसाला व्हिएतनाम नकाशावर कोठे आहे हेही नीट ठाऊक नव्हते. पण त्याचा मुलगा तिकडे लढायला जाणार होता. सरकार म्हणत होते, "आम्हाला सगळे माहीत आहे. तुम्ही विश्वास ठेवा."

शिक्षकांपुढे पेच पडला

मिशिगन विद्यापीठातले काही प्राध्यापक अस्वस्थ झाले. त्यांच्यात माणसांच्या चालीरीतींचा अभ्यास करणारे होते, समाजशास्त्राचे होते, तत्त्वज्ञानाचेही होते. त्यांना वाटले, देश युद्धात उतरतो आहे आणि त्याबद्दल कोणी धड बोलत नाही. आपण गप्प बसायचे का?

सुमारे पन्नास जणांनी ठरवले की २४ मार्चला वर्ग बंद ठेवायचे. त्या दिवशी नेहमीचे धडे न शिकवता युद्धाचा निषेध करायचा.

ही बातमी फुटली आणि गहजब झाला. राज्यपालांनी नापसंती दाखवली. विधिमंडळातल्या सभासदांनी टीका केली. लोक म्हणू लागले, "शिकवायचा पगार घेता आणि शिकवत नाही, हे कसले शिक्षक?" अनेक प्राध्यापक तरुण होते. त्यांची नोकरी अजून पक्की झाली नव्हती. नाव पुढे आले तर नोकरी जाईल, अशी भीती होती. खुद्द युद्धाविरुद्ध असणाऱ्यांतही दोन तट पडले. काही म्हणाले, वर्ग बंद ठेवलेच पाहिजेत. काही म्हणाले, विद्यार्थ्यांचा तास बुडवण्याचा आपल्याला काय हक्क?

एका रात्री सगळे एका घरी जमले. बराच वेळ वाद झाला. तेव्हा मार्शल साहलिन्स नावाच्या प्राध्यापकांनी एक तोड काढली. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा होता: आपण कर्तव्य टाळतो असे लोक म्हणतात ना? मग उलटे करू. शिकवणे बंद करायचे नाही, तर जास्त शिकवायचे. दिवसाचे तास नेहमीप्रमाणे घ्यायचे आणि रात्री पुन्हा शाळा भरवायची, रात्रभर.

या कल्पनेला 'टीच-इन' असे नाव पडले. हे नाव कोठून आले तेही पाहू. पाच वर्षांपूर्वी, १ फेब्रुवारी १९६० रोजी, अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी एका दुकानाच्या खाणावळीत जाऊन बसले. काळ्या माणसांना तिथे बसू देत नसत. त्यांना कोणी वाढले नाही, पण ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. या प्रकाराला 'सिट-इन' म्हणत. आपण त्याला धरणे म्हणतो. तेव्हा टीच-इन म्हणजे ज्ञानाचे धरणे म्हणा ना!

तोड चांगली निघाली. जे वर्ग बंद ठेवायला बिचकत होते तेही आता पुढे आले. पन्नासाचे दोनशेंवर झाले. विद्यापीठानेही आपले सभागृह आणि खोल्या वापरायला दिल्या.

२४ मार्चची रात्र

रात्री आठ वाजता एंजल हॉल नावाच्या इमारतीत लोक जमू लागले. पाचशे-सहाशे येतील असा अंदाज होता. आले तीन हजार! सभागृहे भरली. जिन्यांवर आणि ओसरीवर माणसे बसली.

त्या काळी तिथे मुलींच्या वसतिगृहाला कडक नियम होता. ठरलेल्या वेळेच्या आत परत यावे लागे. मुलांना तसे बंधन नव्हते. त्या रात्री मुलींना सकाळपर्यंत बाहेर राहण्याची खास परवानगी मिळाली. देशाच्या प्रश्नावर विचार करायला मुलींनीही जागावे, हे मान्य झाले. हे काही लहान पाऊल नव्हते.

पहिल्याने भाषणे झाली. एक वक्ते होते रॉबर्ट ब्राउन. ते अर्थशास्त्रज्ञ होते. अमेरिकेच्या मदत-कार्यक्रमात त्यांनी काही वर्षे व्हिएतनाममध्ये काम केले होते. ज्याने तो देश डोळ्यांनी पाहिला, तिथल्या माणसांत जो राहिला, त्याच्या बोलण्याला वजन असते.

सगळेच श्रोते एका मताचे नव्हते. युद्धाला पाठिंबा देणारे काही विद्यार्थी हातात फलक घेऊन आले होते. तेही ऐकायला बसले आणि प्रश्न विचारू लागले.

एवढ्यात धमकी आली, इमारतीत बॉम्ब ठेवला आहे! सगळ्यांना बाहेर काढले. पोलिसांनी खोल्या तपासल्या. मार्च महिना असला तरी तिकडे कडाक्याची थंडी होती. पण लोक घरी गेले नाहीत. मोकळ्या पटांगणात, थंडीत उभे राहूनच त्यांनी सभा चालू ठेवली. तपास झाला. काही सापडले नाही. लोक पुन्हा आत आले.

मध्यरात्रीनंतर खरी शाळा भरली. मोठ्या सभेचे लहान लहान गट झाले. एकेका खोलीत एकेक गट बसला. व्हिएतनामचा इतिहास काय? करारात काय ठरले होते? बॉम्ब टाकून माणसे वश होतात का? आपण निघून आलो तर तिथे काय होईल? असे प्रश्न निघाले. प्राध्यापक आणि विद्यार्थी मांडीला मांडी लावून बसले. एरवी वर्गात शिक्षक बोलतो आणि मुले लिहून घेतात. त्या रात्री मुले विचारीत आणि शिक्षक कधी कधी म्हणत, "मला याचे उत्तर ठाऊक नाही. आपण मिळून शोधू."

मधे मधे गाणी झाली. कॉफीचे पेले फिरले. गाणे असले म्हणजे झोप उडते आणि मनेही जवळ येतात. आपल्या कीर्तनकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

सकाळी आठ वाजता शाळा सुटली. तेव्हाही शेकडो लोक जागे होते. त्यांतले कित्येक तसेच उठून आपापल्या तासाला गेले.

ठिणगीचा वणवा

दोनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टीच-इन झाले. आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात जिथे शिकले तेच हे विद्यापीठ. मग एकामागून एक अनेक विद्यापीठांत रात्री जागू लागल्या.

सरकारलाही दखल घ्यावी लागली. परराष्ट्र खात्याने आपले अधिकारी विद्यापीठांत पाठवले. १५ मे १९६५ रोजी राजधानी वॉशिंग्टनमध्ये मोठे टीच-इन झाले. तिथे दोन्ही बाजूंचे विद्वान समोरासमोर आले. ती चर्चा तारेने जोडून शंभरांहून अधिक विद्यापीठांत ऐकवली. अध्यक्षांचे सल्लागार मॅकजॉर्ज बंडी सरकारची बाजू मांडायला येणार होते. ऐन वेळी ते आले नाहीत. त्यांच्या जागी दुसरे प्राध्यापक बोलले. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्कले येथे दीड दिवस सभा चालली. जून महिन्यात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डलाही टीच-इन झाले.

मग युद्ध थांबले का?

नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे. एका रात्रीच्या व्याख्यानांनी युद्ध थांबत नाही. ते पुढे दहा वर्षे चालले. १९६९ साली अमेरिकेचे पाच लाखांवर सैनिक व्हिएतनाममध्ये होते. १९७३ च्या जानेवारीत पॅरिसला करार झाला आणि ३० एप्रिल १९७५ रोजी युद्ध संपले. अमेरिकेचे ५८ हजारांवर सैनिक मेले. व्हिएतनामची तर लाखो माणसे मेली. त्यांत शेतकरी होते, बाया होत्या, लेकरे होती.

कोणी म्हणेल, "मग रात्रभर जागून काय मिळवलं?"

याचे उत्तर देण्याआधी एक हकीगत ऐका. युद्धाच्या वेळी रॉबर्ट मॅकनामारा हे अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. अतिशय हुशार माणूस. आकडेमोडीत तर त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. मंत्री होण्यापूर्वी ते मोटारीच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि राहत होते याच अ‍ॅन आर्बर गावात. युद्धाच्या योजना त्यांच्या हातून झाल्या. युद्ध संपल्यावर वीस वर्षांनी, १९९५ साली, त्यांनी पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी कबूल केले की आमचे चुकले, फार मोठे चुकले. त्या देशाचा इतिहास आम्हाला ठाऊक नव्हता, तिथली माणसे आम्ही ओळखली नाहीत, असे त्यांनी लिहिले.

ज्या गोष्टी मंत्र्यांना तीस वर्षांनी कळल्या, त्या गोष्टींबद्दलचे प्रश्न त्यांच्याच जुन्या गावात १९६५ सालच्या त्या रात्री विचारले जात होते. विचारणारी माणसे काही सर्वज्ञ नव्हती. त्यांचेही काही अंदाज चुकले असतील. त्यांच्या सभेत एका बाजूचे वक्ते जास्त होते, ही टीकाही खोटी नव्हती. पण त्यांनी योग्य वेळी विचारले, "कशावरून?" या प्रश्नाला तेव्हाच मान दिला असता तर किती घरांतले दिवे विझले नसते!

तीच रीत, दुसरा प्रश्न

ही रीत पुढे दुसऱ्या कामालाही आली. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा किनाऱ्याजवळ समुद्रातल्या विहिरीतून तेल फुटले. पाणी काळे झाले. हजारो पक्षी मेले. गेलॉर्ड नेल्सन नावाच्या सिनेटरांना वाटले, युद्धाबद्दल जशी टीच-इन झाली तशी हवा-पाण्याच्या नासाडीबद्दल का होऊ नयेत?

१९७० च्या मार्चमध्ये मिशिगन विद्यापीठातच चार दिवसांचा मोठा कार्यक्रम झाला. शास्त्रज्ञ बॅरी कॉमनर यांच्यासारखे अभ्यासक बोलले. गायकांनी गाणी म्हटली. एक गमतीचा खेळही झाला. एका जुन्या मोटारगाडीवर खटला भरला. आरोप असा की ही हवा घाण करते. साक्षी झाल्या, शिक्षा झाली आणि गाडी घणाने फोडली! लोक हसले. पण घरी जाताना धुराचा विचार करीत गेले.

पुढच्याच महिन्यात, २२ एप्रिल १९७० रोजी, अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. सुमारे दोन कोटी लोकांनी त्यात भाग घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकन सरकारने पर्यावरण-रक्षणाचे नवे खाते उघडले आणि स्वच्छ हवेचा कडक कायदा केला. आज २२ एप्रिल हा दिवस आपल्याकडेही शाळा-शाळांतून पाळतात. त्याचे मूळ त्या रात्रभराच्या शाळेत आहे.

आपण काय घ्यायचे?

जगाचे प्रश्न दूर वाटतात, पण ते आपल्या दारात येतात. लांबच्या देशात लढाई होते आणि इकडे रॉकेल-डिझेल महागते. दुसरीकडे कांद्याचा भाव बदलतो आणि आपल्या शेतकऱ्याचा हिशेब चुकतो. धूर कोणी का करीना, पाऊस सगळ्यांचाच लहरी होतो. म्हणून जगाचे प्रश्न समजून घेणे हे फक्त पदवीधरांचे काम नव्हे. ते तुमचे आमचे काम आहे.

तालुक्याला किंवा शहरात जाहीर व्याख्यान असेल तर जावे. मागे बसू नये, पुढे बसावे. आणि तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, बोलणाऱ्याला माहिती कशी मिळाली ते पाहावे. त्याने स्वतः पाहिले, वाचले की नुसते ऐकले?

दुसरी गोष्ट, उलट बाजूचे म्हणणेही ऐकावे. आपल्याला न पटणारा माणूस बोलतो तेव्हा कान झाकू नयेत.

तिसरी गोष्ट, न कळले तर विचारावे. प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. लाज तर मुळीच वाटू देऊ नये.

आजी, विद्यापीठात तुमचे काय काम, असे तुम्ही विचारले होते. तुमचे काम हेच. वक्ता मोठ्या आवाजात काही सांगू लागला की शांतपणे हात वर करायचा आणि म्हणायचे, "दादा, कशावरून?"

शब्दांचे अर्थ

जाहीर – सगळ्यांसाठी खुले.
पेच – अडचण, काय करावे ते न सुचणे.
गहजब – मोठा गोंधळ, आरडाओरड.
तोड – अडचणीतून काढलेली वाट.
तट – बाजू, फळी.
सर्वज्ञ – सगळे जाणणारा.
वसुंधरा – पृथ्वी.

उत्तरे सांगा

१. प्राध्यापकांनी आधी काय करायचे ठरवले होते? मग त्यांनी बेत का बदलला?
२. बॉम्बची धमकी आल्यावर लोकांनी काय केले?
३. युद्ध थांबले नाही, तरी ती रात्र वाया गेली नाही असे का म्हणता येईल? तुम्हाला काय वाटते?
४. कीर्तन आणि टीच-इन यांत सारखे काय आहे? वेगळे काय आहे?

करून पाहा

पुढच्या आठवड्यात वर्गातल्या सगळ्यांनी एक प्रश्न निवडावा. गावातल्या पाण्याचा असो की बाजारभावाचा. दोघांनी एक बाजू मांडावी, दोघांनी दुसरी. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. शेवटी एखादे गाणे म्हणावे. आणि जे नवीन कळले ते प्रत्येकाने आपल्या वहीत, आपल्या हाताने, दोन ओळींत लिहावे.